सालेमबाबांची रायफल आणि माझी भुवई

आमच्या घरात बंदुकीने आजवर एकच बळी घेतला आहे. माझी उजवी भुवई.

आता तुम्ही म्हणाल, अमिरातीतल्या अल ऐनसारख्या शांत शहरात, पंपसेटच्या गोदामात नोकरी करणाऱ्या माणसाचा बंदुकीशी संबंध काय? हाच प्रश्न माझ्या बायकोने, शुभदाने, मला पट्टी लावताना विचारला. आधी विचारला असता तर! (ती म्हणते, आधीही तीनदा विचारला होता. असेल.)

सगळ्याचं मूळ माझे सासरे. आप्पा! अठरा वर्षांपूर्वी मी गुहागरजवळच्या त्यांच्या गावी मुलगी बघायला गेलो, तेव्हा ते पडवीत खुर्ची टाकून बसले होते आणि मांडीवर आडवी बंदूक होती. शेती संरक्षणाची, परवान्याची. रानडुकरं आणि वानरं बागेत घुसतात म्हणून. तेलाच्या फडक्याने नळी पुसत त्यांनी मला विचारलं, "पगार किती?" नळीचं तोंड बरोबर माझ्या बेंबीच्या रोखाने! एवढा खरा पगार मी आजवर सख्ख्या भावालाही सांगितलेला नाही. आणि घाबरलेल्या माणसाची जीभ कशी सुटते बघा. मी म्हणालो, "आमच्याकडेही शिकारीची परंपरा आहे. मी स्वतः दोनचार डुकरं लोळवलीत."

(मी आयुष्यात नेम धरून पाडलेली एकमेव वस्तू म्हणजे जत्रेतला फुगा. तोही शेजारच्याने फोडला असावा.)

लग्न झालं. अठरा वर्षं मी त्या बंदुकीच्या धाकात संसार केला. शुभदाने आवाज चढवला की मला पडवी दिसायची आणि मी मुकाट्याने भांडी घासायला घ्यायचो. आप्पा मात्र गावभर सांगत सुटले, "आमचे जावई पक्के शिकारी!"

पुढे ती थाप माझ्याबरोबर विमानात बसून इकडे आली. आम्ही राहतो सालेमबाबांच्या व्हिलाच्या मागच्या भागात. सालेमबाबा इथलेच, वयाने सत्तरीचे, मनाने राजा. संध्याकाळी त्यांच्या बैठकीच्या दालनात, मजलिसमध्ये, खजूर आणि गावा, म्हणजे त्यांची वेलदोड्याची कॉफी, पीत गप्पा चालतात. तिथे डुकराचं नाव कुठे काढायचं? म्हणून मी बिबट्या केला. पहिल्या वर्षी एक होता. गेल्या वर्षापर्यंत तीन झाले होते आणि तिसरा नरभक्षक होता.

या हिवाळ्यात आप्पा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले आणि नेमकी त्याच आठवड्यात सालेमबाबांची हाक आली. "हबीबी, मेरे चचा का लड़का पुराना राइफल बेचता. शिकार वाला. बहुत सस्ता, आठ सौ दिरहम. लाइसेन्स-पेपर सब मेरा, तुम बस देखो. तुम शिकारी. तुम अच्छा बोलेगा तो मैं लेगा, खराब बोलेगा तो खलास!"

"आठशे दिरहम म्हणजे जवळजवळ वीस हजार रुपये," मी मोठ्याने हिशोब केला.

"वीस हजारांत हल्ली म्हशीचं शेपूट येत नाही," आप्पा म्हणाले. "काहीतरी खोट असणार."

माझा जीव भांड्यात पडला. आप्पांसारखा खरा बंदूकवाला घरात असताना काळजी कसली? ते कानात सांगतील, मी तोंडाने बोलेन!

मजलिसमध्ये गालिच्यावर ती रायफल ठेवली होती. वर लांबलचक टेलिस्कोप. सगळे आमच्याकडे बघायला लागले. मी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग ते गुडघ्यावर बसले, रायफलीच्या लाकडावर बोटांनी टकटक केलं आणि कान लावला. फणस पिकलाय की नाही बघतात तसं! मग वास घेतला.

"काय म्हणते?" मी कुजबुजलो.

"लाकूड बरं आहे."

"आणि लोखंड?"

"लोखंड..." आप्पांनी बराच विचार केला. "लोखंडासारखं आहे."

एवढ्या भांडवलावर मी काय निकाल देणार? मला जुन्या मालातलं एकच कळतं, जुन्या गाड्या. तेवढेच प्रश्न मी सालेमबाबांच्या चुलतभावाला विचारले. सिंगल ओनर? सर्व्हिसिंग वेळेवर? कुठे ठोकली होती का? तो बिचारा गोंधळून प्रत्येक प्रश्नाला "इन्शाल्ला" म्हणत राहिला. सालेमबाबा खूश! "सवाल देखो इसका! यल्ला, रेंज पे चलो. चला के बताओ!"

शहराबाहेरच्या त्या शूटिंग रेंजवर ट्रेनरने रायफल भरून दिली आणि विचारलं, "कौन पहले?"

"आप्पा, तुम्ही," मी म्हणालो.

"छे! जावयाचा मान पहिला."

"वडीलधाऱ्यांच्या आधी? आमच्या घरचं वळण तसं नाही, आप्पा."

"दिवाळसणाला तुमचा मान चुकवला नाही, आज चुकवू? लोक काय म्हणतील?"

"इथे कोण लोक? तुम्ही घ्या हो!"

"माझी शपथ आहे तुम्हाला! शिवाय माझा खांदा धरलाय." (याच खांद्यावरून त्यांनी सकाळी तांदळाची अख्खी गोण गाडीतून घरात आणली होती!)

सालेमबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "देखो, देखो! दोनों को पहले चलाने का कितना शौक!"

शेवटी जावयाचा मान जिंकला. मी टेबलाशी बसलो, रायफल खांद्याला लावली, टेलिस्कोपला डोळा चिकटवला आणि देवाचं नाव घेऊन घोडा दाबला.

धडाड्!

टेलिस्कोप उलटा आला आणि माझ्या भुवईत घुसला. आता मला सांगा, टेलिस्कोपपासून डोळा चार बोटं लांब ठेवायचा असतो, हे मला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही! (ट्रेनर म्हणतो, सांगितलं होतं. आप्पा म्हणतात, दोनदा सांगितलं होतं. पण माणसाचे कान भीतीने बंद असताना सांगणं याला काय सांगणं म्हणतात?) रक्ताची धार लागली. मी एका डोळ्याने समोर बघितलं. माझं टार्गेट कोरं करकरीत! शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या टार्गेटच्या मात्र ऐन मध्यावर भोक. तो उठून मला थँक्यू म्हणून गेला.

"बंदूक भिकार आहे!" मी ओरडलो. "खराब! एकदम खराब!"

ट्रेनरने रायफल उलटसुलट करून बघितली आणि मान डोलावली. टेलिस्कोप खरोखरच फार मागे बसवला होता. कुणाच्याही कपाळावर आला असता. सालेमबाबांनी तिथल्या तिथे चुलतभावाकडून भाव निम्म्यावर आणला, टेलिस्कोप पुढे सरकवून घ्यायचं ठरवलं आणि मला मिठी मारली. "क्या शिकारी है! गोली एक चलाया, खराबी पकड़ लिया!"

परतताना सालेमबाबा गाडी चालवत होते. त्यांना मराठी येत नाही, म्हणून मागच्या सीटवर भुवईला टॉवेल लावून मला मनसोक्त ओरडता आलं.

"आप्पा, खरं सांगा! तुम्ही कधी बंदूक उडवली तरी आहे का?"

आप्पा खिडकीबाहेर उंट बघायला लागले.

"आप्पा!"

"अहो, उडवायला ती घरी कुठे असायची? निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करा. लोकसभा झाली की विधानसभा, मग जिल्हा परिषद, मग ग्रामपंचायत. ने-आण करून कंटाळलो. शेवटी हवालदाराला म्हटलं, असू दे तुझ्याकडेच."

"आणि मी आलो त्या दिवशी?"

"त्या दिवशी मुद्दाम सोडवून आणली होती."

अठरा वर्षं! अठरा वर्षं मी भांडी घासली, ती पोलिसांच्या कोठडीत गंजत पडलेल्या बंदुकीला घाबरून! माझा संताप एवढा झाला की भुवई पुन्हा वाहायला लागली. "आणि वर जावयाचा मान! लाज नाही वाटली?"

आप्पांनी शांतपणे टॉवेल माझ्या हातातून घेतला आणि नीट घडी करून भुवईवर दाबून धरला. "जावईबापू, बंदूक उडवायला नसते. मुलगी मागायला येणाऱ्याला दिसायला असते. तुम्ही नीट वागलात की नाही अठरा वर्षं?"

मी टॉवेल त्यांच्या हातातून ओढून घेतला. पण घर जवळ आलं तसा माझ्या डोक्यात वेगळाच हिशोब सुरू झाला. माझी मुलगी सानिका आता सोळा वर्षांची आहे.

शुभदाने पट्टी लावल्या लावल्या मी सालेमबाबांना म्हणालो, "बाबा, एक फोटो!"

तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये, दारातून आत येणाऱ्याला पहिला दिसेल असा लावला आहे. मजलिसच्या सोफ्यावर मी ऐटीत बसलोय, मांडीवर आडवी रायफल, चेहऱ्यावर आप्पांकडून शिकलेला भाव. उजव्या डोळ्यावर तेवढी ही जाडजूड पट्टी.

सानिकाने फोटोकडे बराच वेळ बघितलं. आधी रायफलीकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा रायफलीकडे. आणि म्हणाली, "बाबा, यात जिंकलं कोण?"