सरांची फाइल

नारायणगुड्यातल्या त्या प्रयोगशाळेत मी तीन महिन्यांच्या बोलीवर लागले होते. हाताला कंप असलेल्या रुग्णांच्या मनगटावर संवेदक बांधायचा आणि हात सेकंदाला किती वेळा थरथरतो ते सॉफ्टवेअरवर काढायचं, असं काम. शुक्रवारी मुदत संपत होती. तोपर्यंत आठ रुग्णांचे आलेख दिले तर नोकरी पक्की, नाहीतर अंबरपेठेतली खोली सोडून गावी परत जायचं. वर्तमानपत्रातली नोकरी मी आधीच सोडली होती.

तोवर मी फक्त संवेदक बांधत होते; त्या सोमवारी सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं, तर समोर कोरा पडदा. त्यावर चौकोन आणून रेषांनी जोडायचे: एक नोंद वाचणारा, एक गाळणारा, एक आलेख काढणारा. प्रत्येकातलं सगळं आपणच ठरवायचं. सोमवार ते बुधवार चुका दाखवणाऱ्या लाल खुणांपलीकडे काहीही आलं नाही. मदतीची पानं वाचून संपली, पुन्हा वाचली. जेवणाचा डबा दोनदा न उघडता परत गेला.

गुरुवारी सकाळी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने एक फाइल पाठवली. निवृत्त झालेल्या सरांनी सगळ्या चौकोनांच्या सेटिंग्ज तिच्यात भरून ठेवल्या होत्या. नवा माणूस अडला की त्याला हीच फाइल मिळायची. त्याने फक्त रुग्णाचा क्रमांक बदलायचा.

"बाकी कशाला हात लावायचा नक्को, ताई. सरांची फाइल आहे," तो म्हणाला.

तासाभरात आठही आलेख आले.

पडताळल्याशिवाय काही पुढे पाठवायचं नाही, ही जुन्या कामाची सवय. संवेदक स्वतःच्या मनगटावर बांधला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सेकंदाला दोनदा हात हलवला. आलेखाने चार दाखवले. पुन्हा केलं, पुन्हा चार. फाइलीत लिहिलं होतं की संवेदकाचं यंत्र सेकंदाला दोनशे नोंदी घेतं. तो आकडा जुन्या यंत्राचा होता. दोन वर्षांपूर्वी आलेलं नवं यंत्र शंभरच घेत होतं. म्हणजे एका सेकंदाच्या नोंदी सॉफ्टवेअर अर्ध्या सेकंदाच्या धरत होतं, आणि दोन वर्षं प्रत्येक रुग्णाचा कंप दुप्पट नोंदला जात होता. कंप पाच की दहा, यावरून डॉक्टर वेगळ्याच आजाराकडे वळू शकतात.

सहकाऱ्याला सांगितलं. त्याने खुर्ची आपल्या टेबलाकडे वळवली.

दुपारी मॅडमना सांगितलं. प्रयोगशाळा त्यांची. त्यांनी दार लावून घेतलं, माझ्याकडून हात हलवण्याचा प्रयोग करवून घेतला आणि आणखी कोणाला माहीत आहे ते विचारलं. मग त्या म्हणाल्या की तुमचे आठ आलेख दुरुस्त करा, यापुढे दुरुस्त केलेलीच फाइल वापरू.

"आणि जे अहवाल घेऊन गेले त्यांचं?"

"त्यांना त्यांचे डॉक्टर आहेत ना, बाई."

मी माझ्या टेबलाकडे परतले. आकडा दुरुस्त करायला मिनिटही लागलं नाही.

शुक्रवारी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. पत्राबरोबर जुन्या अहवालांच्या कपाटाची किल्ली होती. ते सांभाळणं आता माझ्या कामात होतं.