बॉनेटवरचा वारा

फायबरच्या रसायनाचा वास आला की सिंध्यांच्या वस्तीतलं, कॅम्प चारमधलं गॅरेज आठवतं. मामाने तिथे जुन्या मोटारीच्या बॉनेटला भोक पाडून वर वारा आत घ्यायला पुढे तोंड असलेलं फायबरचं नाकाड बसवलं. आता वारा थेट इंजिनात शिरणार आणि गाडी उडणार, असं त्याने आमच्या अख्ख्या बुवापाड्यात जाहीर केलं होतं. "साईं, हवा से पूछा क्या?" म्हणत गॅरेजच्या म्हाताऱ्या सिंधी मिस्त्रीने बॉनेटभर लोकरीचे धागे चिकटवले. बदलापूरच्या रस्त्यावर गाडीने वेग घेतला आणि आम्हाला चक्क वारा दिसला. नाकाडापुढचे धागे त्याच्या तोंडात न शिरता वरून निघून जात होते. पुढच्या काचेच्या पायथ्याचे धागे मात्र उलटे वळून फडफडत होते. वारा तिथे तुंबत होता, म्हणजे आत शिरायला तिथेच तयार होता.  मग मामा म्हणाला, "फिरवून बसवा, तोंड काचेकडे." उलट्या नाकाडाला सगळा बुवापाडा हसला. पण डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीपुढे इतक्या मुकाट्याने नमणारा माणूस मला त्यानंतर भेटलेला नाही.