बिनगाळलेलं पाणी

‘या गावातला नारू सरकारने हटवला’ अशी पाटी घेऊन साहेब जीपमधून उतरले, तेव्हा सनातू तळ्याच्या काठावरच बसली होती. स्वतःच्या पोटरीतून हातभर नारू निघाल्यापासून सात वर्षं तिने फडक्यातून गाळल्याशिवाय एक घागर गावात जाऊ दिली नव्हती. ऐकत नाही म्हणून सवतीची घागरसुद्धा फोडली होती.

उत्तर घानात पाहुण्याने आधी पाणी प्यायचं, मग तोंड उघडायचं. सनातूने भोपळ्याचा तुंबा तळ्यात बुडवला आणि तसाच पुढे केला.

“मावशी, गाळलं नाहीत?” साहेब दचकले.

“कशाला? सरकारने हटवलाय ना? प्या की बिनघोर!”

साहेबांनी तिच्या खांद्यावरच्या फडक्याकडे बोट दाखवलं.

“गाळून देते,” सनातू म्हणाली, “आधी ती पाटी जीपमध्ये टाका.”