वेणीपासून मोजलेली उडी

कोरेगावच्या मैदानावर मी रोज सकाळी फिरायला जातो. तिथं मुलींना लांब उडी शिकवणाऱ्या एक बाई असतात. एकेकाळी त्या राज्यात पहिल्या आल्या होत्या म्हणे. पण त्यांचं शिकवणं सुरू होतं ते केसांपासून. ओळीत उभ्या केलेल्या मुलींचे अंबाडे त्या एकेक ओढून बघतात आणि सैल निघाला तर स्वतःच्या खिशातला आकडा खोचतात. त्यांचे स्वतःचे केस मात्र मुलासारखे बारीक कापलेले.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, उडी शिकवताय की पार्लर काढलंय?"

वाळू सारखी करता करता त्या थांबल्या. "हसा, सर. देशाच्या स्पर्धेत माझी शेवटची उडी लय लांब गेली हुती. पाय पुढं पडलं, पण वेणी मागं वाळूत टेकली. पंचांनी वेणीपासनं मोजलं. घरी आले आन् कात्री घेतली. आई आठ दिवस बोलली न्हाई."

"आणि पदक?"

"ते आंबाडा घातलेल्या पोरीनं नेलं."

म्हणून मी चेष्टा सोडली असं नाही. पण परवा मुली घरी गेल्यावर बाईंनी इकडंतिकडं पाहिलं, बुटाच्या नाड्या आवळल्या आणि धावत येऊन उडी मारली. मी बाकावरून बघतच राहिलो. वयाच्या मानानं झकास उडी होती. फक्त हवेत असताना त्यांचा एक हात मानेमागं गेला, कधीच कापून टाकलेली वेणी आवरायला.