फादरनं शेवटपर्यंत सांगितलं नाही

ती चर्चची सिस्टर व्हायला चालली, हे मला रविवारच्या मिस्सेत माईकवरून कळलं. माझं जे काही बदललं ते तिथंच.

फादर वेदीजवळ उभे राहून म्हणाले, "आपल्या पॅरिशची एक मुलगी देवाच्या सेवेला चालली आहे." मग तिचं नाव घेतलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. हात आपोआप चालत होते.

तेच फादर परवा झोपेत गेले. आज दुपारी चर्चच्या मागं त्यांना माती दिली.

तिचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. कमेंटमध्ये टाकू नका.

ती कॉयरमध्ये गायची, मी ढोलक वाजवायचो. मी तिला लग्नाचं विचारलं होतं. ती म्हणाली, "थांब थोडं. मले फादरसंग बोलू दे."

मग एका शनिवारी ती कन्फेशनला बसली ती किती वेळ उठलीच नाही. त्यानंतर काही दिवसांनी त्या टाळ्या.

त्याच महिन्यात मी कॉलेज सोडलं. सेकंड इयर. बाप बोलला, आई रडली. आता जानेफळला मोबाईलच्या दुकानात बसतो.

पण फादरला सोडलं नाही.

आमच्या चर्चमध्ये कन्फेशनला वेगळी खोली नाही. कोपऱ्यात फादरची खुर्ची, मधी लाकडी जाळी, इकडं गुडघे टेकायला फळी. मी गेलो, टेकलो आणि सरळ विचारलं, "ती माह्याबद्दल काय बोलली?"

फादर केरळचे. पण इकडं इतकी वर्षं काढली की बोलायचे आपल्यासारखंच.

"तुह्ये पाप सांग बे. दुसऱ्याचे इथं भेटत नाही."

"म्हणजे माह्यं नाव घेतलं तिनं."

"म्या असं नाही म्हटलं."

"मंग नाही घेतलं?"

"तसंबी नाही म्हटलं."

जे मित्र आमच्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर मरेपर्यंत कोणाला सांगत नाही. पोलिसाला नाही, बिशपला नाही. स्वतःवर आलं तरी नाही.

हे मला लहानपणापासून पाठ होतं. तरी डोकं फिरलं.

पुढच्या रविवारी गेटवर सगळ्यांसमोर म्हणालो, "तुमीच तिले फूस लावली. तुमाले सिस्टरा पाहिजेत, मंग कोणाचं घर मोडलं तरी चालते."

लोक थांबून ऐकत होते. काहींना ते खरंही वाटलं. नंतर गावात तेच चाललं, फादरनं पोरगी नेली. तिच्या आजीनं तर फादरला घरी चहा देणं बंद केलं.

फादर गाडीला किक मारत होते. थांबले. म्हणाले, "जेवला का तू?"

मी थुंकून निघून गेलो. तेव्हापासून मिस्सा बंद.

आज सकाळी खड्डा खोदायला मात्र गेलो. आमच्याकडं त्याला मजूर लावत नाहीत, पॅरिशची पोरंच खोदतात. जमीन तापून दगड झालेली. लोखंडी सब्बल मारली की नुसती उडत होती.

अमोल म्हणाला, "लांब घे बे जरा. एवढा उंच माणूस. पाय मुडपून झोपवतं का त्यायले?"

सगळे हसले. मी पण हसलो. मग परत सब्बल मारली.

ती आली होती. मोठ्या सिस्टरांसोबत, जीपमधून. पांढरी साडी. सिस्टरची व्रतं अजून व्हायची आहेत म्हणे.

माती टाकून झाल्यावर ती नळावर हात धुवायला आली. मी तिथं पाय धूत होतो.

"दाढी काऊन वाढवली?"

"तुले काय करायचं?"

"काही नाही. बेकार दिसते."

मी विचारलं. दुसरं काही विचारायचं नव्हतंच. "फादरले काय सांगितलं होतं तू माह्याबद्दल?"

"सगळंच."

"नाव घेऊन?"

"हाव. अन् फादरनं मले दोनदा वापस पाठवलं. म्हणे, पोरगा चांगला आहे, डोकंच गरम आहे फक्त. घाई नको करू, अजून विचार कर."

"मंग?"

"मंग केला विचार."

नळ तिनंच बंद केला. म्हणाली, "तुले बोलले नाही ते?"

"नाही."

"हाव. ते नाहीच बोलत."

जाताना म्हणाली, "प्रार्थना करत जाय."

"तूच कर. तुहा तोच धंदा आहे आता."

ती हसली. आधी हसायची तशीच. मग तोंडावर पदर धरला आणि जीपकडं गेली.

म्हणजे फादर माझ्या बाजूनं बोलले होते.

गेटवर एक वाक्य म्हटलं असतं तर सुटले असते. माझं तोंड बंद झालं असतं, गावाचंही. ते वाक्य त्यांनी तसंच सोबत नेलं.

मला चिडायला एक माणूस होता. आता तोही नाही. तिला कोणी नेलं नव्हतं. ती गेली.

रडू येत नाही. राग पण येत नाही. तळहाताला फोड आलेत, ते दुखतात, तेवढं कळतं.

सगळे गेल्यावर चर्चमध्ये गेलो. खुर्ची तिथंच होती. पाठीवर फादरचा जांभळा पट्टा टाकलेला, कन्फेशनला घालायचे तो. फळीवर टेकलो.

"फादर, आशीर्वाद द्या," एवढं सवयीनं तोंडातून निघालं. पुढचं आलं नाही.



मग निरोप देतात तसं म्हणालो, "बरं फादर. या आता."

उठलो, बाहेर आलो, आणि दार ओढून घेतलं.