अस्लमच्या घरची चूल

शेजारी मयत झालीय. त्यांच्याकडं आज चूल पेटायची नाही, म्हणून बायको पिठलं-भाकरी करायलीय. लसणाच्या फोडणीचा वास आला अन् मला शारजातली मजुरांची खोली आठवली.

इकडं जिंतूरला वडील वारले होते आणि मला सुट्टी मिळाली नव्हती. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. शेजारच्या खाटेवरच्या पाकिस्तानी अस्लमशी मी दुश्मन म्हणून वर्षभर बोललो नव्हतो. तोच डाळ-रोटी घेऊन उशाशी बसला.

"खा ले भाई. मैयत के घर चूल्हा नहीं जलता."

"तुमारे में भी ऐसाच है?" एवढंच विचारलं आणि मला रडू फुटलं.

आज टीव्हीवर अस्लमच्या गावाकडं तोफगोळे पडायलेत, समोर बसलेली पोरं टाळ्या वाजवायलीत. त्याचा फोन लागत नाही. आमचा डबा भिंतीपलीकडं जाईल. त्याच्या घरी चूल पेटलीय का, हे मी कुणाला विचारू?