ग्रीसखालचा पंजा

लढाई संपली आणि बंदुका परत आल्या. नगरला लष्कराच्या कोठारात आम्ही त्यांना ग्रीस लावून पेट्यांत बंद करायचो. मी तेव्हा बाविशीचा होतो. सुप्याकडचा, गरम डोक्याचा, थोरल्या भावाशी भांडून शहरात आलेला. मला ज्यांच्या हाताखाली दिलं होतं, त्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणत. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. तरुणपणी ती यंत्राच्या पट्ट्यात सापडली होती.

काम दिसायला सोपं होतं. बंदूक रॉकेलने धुवायची, कोरडी करायची, लाकडी दस्ता सोडवून बाजूला ठेवायचा, कारण लाकूड ग्रीस पितं आणि काळं पडतं. मग नळी कढईतल्या गरम ग्रीसमध्ये बुडवायची. थंडीत दगड होऊन बसलेलं ते ग्रीस तापलं की काकवीसारखं वाहायचं. नियम एकच होता, उघडा हात लावायचा नाही. माणसाच्या घामात मीठ असतं. तो घाम ग्रीसखाली कोंडला की नळीची निळसर काळी झिलई आतल्या आत गंजत जाते आणि वरून कुणाला पत्ता लागत नाही.

हा नियम मला चाचांनीच शिकवला आणि मोडायचे तेही चाचाच. प्रत्येक नळी कढईत सोडण्याआधी ते डाव्या हाताचा मोजा काढत, नळीवरून तळवा फिरवत, क्षणभर ती मुठीत धरत, पुटपुटत, ‘बिस्मिल्ला. जा, नीट ऱ्हा.’

‘चाचा, मोजं घाला की. सायबानं बघितलं तर?’

‘अरे, मोज्याला काय कळतंय? ओल ऱ्हायली का न्हाई, ते हातालाच कळतं.’

मला वाटायचं, म्हातारा हट्टी आहे. मी चिडवायचोही, ‘बंदुका हायत का लेकी, सासरी धाडताय त्या?’ ते हसायचे. एकदा मात्र हसले नाहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेला होता. ‘बेपत्ता’ एवढाच कागद घरी आला होता. या बंदुकाही तिकडूनच आलेल्या. ‘यातली एकादी त्याच्या हातातली आसंल,’ ते म्हणाले. ‘कोणती, ते मला कळनार न्हाई. म्हनून समद्यांना हात लावतो.’ त्यानंतर मी कधी चिडवलं नाही. माझी मलाच लाज वाटली होती.

पावसाळा सरल्यावर साहेबाने तपासणीसाठी एक पेटी उघडायला लावली. मी पहिल्याच नळीवरचं ग्रीस पुसलं. नळीला वेढून, निळाईवर तांबूस गंजाचा अख्खा पंजा उमटला होता. चार बोटं लांब होती, करंगळी अर्धी.

साहेबाने विचारलं, हा हात कुणाचा? ज्याचा असेल त्याला घरी पाठवणार, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. या वयात चाचांना दुसरं काम कोण देणार, हा विचार आलाच. पण त्याहून मोठा विचार हा, की रोज त्या बंदुकांवरून हात फिरवल्याशिवाय हा माणूस जगेल कसा? ‘माझाच,’ म्हणून मी मोकळा झालो. साहेबाने माझा हात धरून खुणेवर ठेवला. माझी करंगळी पेरभर पुढे गेली.

चाचा मागून आले. त्यांनी मोजा काढला आणि तळवा ठेवला. तो बरोबर बसला.

मोजे का घातले नाहीत, असं साहेबाने त्यांना दरडावून विचारलं. मग माझाच तोल सुटला. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत मी मुलाचं सगळं सांगून टाकलं, तेही ओरडून. साहेब म्हणाला, म्हातारा कामावर राहील, पण लोखंडाला त्याचा हात लागता कामा नये. पुन्हा लागला तर दोघंही घरी.

बाहेर आल्यावर चाचांनी मला फैलावर घेतलं. ‘खोटं कशापायी बोललास? तुजी बायको काय खाईल?’

‘माजं अजून लगीन झालेलं न्हाई, चाचा.’

‘मंग तर आजूनच गाढव हायस,’ म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तिथेच रडले.

दुसऱ्या दिवशी मी त्या नळीला बारीक पॉलिश कागद घासला. गंज निघाला, पण त्याच्यासोबत निळाईही गेली. पंजा तिथेच राहिला, आता पांढरट. नळी आतून चांगली होती, म्हणून साहेबाने ती तशीच पुन्हा बुडवायला सांगितली.

चाचा कढईपासून तीन पावलं दूर, हात पाठीमागे घट्ट बांधून उभे होते. मी नळी उचलली. एरवी मी ती सरळ आत सोडली असती. त्यांच्याकडे पाहिलं, मग मोजा घातलेला माझा हात त्या पांढऱ्या पंजावर ठेवला आणि सावकाश फिरवला.

‘म्हना, चाचा.’



‘बिस्मिल्ला,’ ते म्हणाले. ‘जा पोरा. नीट ऱ्हा.’